भाजीतली चांदी

अळंबी पारखावी तर मीच, असं मी अख्ख्या ईट गावाला सांगून ठेवलं होतं. उकळत्या भाजीत चांदी टाकायची. काळी पडली तर विष, न्हाईतर पंगत! शेजारची सकिनाबी कपाळाला हात लावायची. "अक्का, चांदीला अक्कल असती तर ती पायात कशाला राहिली असती? दरसालच्या वारुळावरची, ओळखीची तेवढीच आणा. थोडी तिथंच सोडा. शंका आली की हात लावू नका!"

पण त्या दिवशी माझ्या लेकीला, शिवकांताला, आपल्या पोरासाठी बघायला वाशीहून धोंडप्पा येणार होते. निजाम सरकारच्या कचेरीत पेशकार, अन् खाण्याचे लई शौकीन! वारुळावर अळंबी निघाली मूठभर. मग उकिरड्याकडंच्या पांढऱ्याफेक छत्र्याही ओच्यात भरल्या. सगळं शिवकांताला निवडायला दिलं अन् बजावलं, "पाहुण्यांपुढं मान खाली, तोंड बंद! विचारल्याबिगर बोलायचं न्हाय!"

भाजीत लसूण घातला सढळ हातानं. पायातलं एक जोडवं काढून, घासूनपुसून आत सोडलं, अन् गडबडीत विसरले.

धोंडप्पांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "वैनी, कमाल हाय!"

मी तिसऱ्यांदा वाढायला गेले, तर पळीत जोडवं. तव्याच्या बुडासारखं काळं!

"उठा!" मी किंचाळले. "विष!"

"कशात?"

"तुमच्या पोटात!"

शिवकांता माझा पदर ओढायला लागली. "आई, अगं..."

"गप! मान खाली!"

आमच्या ह्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. धोंडप्पा गवतावर आडवे झाले. शेरवानी कुणाला, शेत कुणाला, सगळं सांगून झालं. मग क्षीण आवाजात म्हणाले, "आलोच हाय तर विचारतो. पोरी, नाव काय तुझं?"

"शिवकांता," पोरीनं एका दमात सांगितलं, "अन् उकिरड्यावरच्या छत्र्या म्या निवडतानाच फेकल्या. सकिनाखाला म्हणती, ओळख न्हाय ते चुलीवर न्हाय. तुम्ही खाल्ली ती वारुळावरचीच. चांदी लसणानं काळी पडली!"

"मग मघाशी का बोलली न्हाईस?" मी ओरडले.

"कुणी विचारलंच न्हाय."

धोंडप्पा ताडकन उठून बसले. "मुलगी पसंत! आमच्या घरचं सैपाकघर हिच्याच हाती!" मग जरा थांबून म्हणाले, "पण वैनी, भाजीत चांदी? कसली चांदी?"

शिवकांतानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, तोंड बंद केलं, अन् उजवा पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.