माशांचे न्याय्य वाटप

समुद्रात मासे किती उरलेत हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितले होते. ते कोणी किती पकडायचे एवढेच ठरवायला सगळ्या देशांची बैठक बसली होती. सर्वांत धाकट्या देशाचे उपसचिव टोकाच्या खुर्चीत होते. त्यांच्या देशाने काही वर्षे बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या, माशांची वीण वाढावी म्हणून. ती वाढलीही. उपसचिवांचे थोरले भाऊ बोटवाले. आज वाटा मिळाला तर त्यांची बोट पाण्यात, नाहीतर भंगारात.

"आपण अलीकडे किती मासे पकडलेत?" अध्यक्षांनी विचारले. ज्याने जास्त पकडले त्याला जास्त वाटा, असा नियम होता.

"काहीच नाही. मासे वाढावेत म्हणून..."

"म्हणजे आपल्या देशाला मासेमारीत रस नाही," अध्यक्षांनी नोंदवून घेतले.

शेजारच्या देशाने उपसचिवांच्या देशाच्या हद्दीत घुसूनही मासे मारले होते. पण दंड भरल्यामुळे ती पकड अधिकृत ठरली आणि सर्वांत मोठा वाटा त्यांना मिळाला. मग समुद्रच नसलेल्या एका देशाने तक्रार केली, की किनारा नसणे हा काही आमचा गुन्हा नव्हे. त्यांनाही मिळाला. शेवटी बेरीज केली, तर वाटे माशांपेक्षा जास्त भरले. तेव्हा मासेच वाढवावेत अशी सूचना आली आणि बहुमताने मासे वाढले. शास्त्रज्ञ बाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांना मताचा अधिकार नसल्याचे नम्रपणे सांगण्यात आले.

चहाच्या वेळी शेजारच्या देशाच्या प्रतिनिधींनी उपसचिवांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, सरळ वागलात तिथेच फसलात. यंदा चोरून मारा, सापडा, दंड भरा. पुढच्या खेपेला हक्काने मागा."

उपसचिवांनी कोपरा गाठून फोन लावला. "दादा, गुपचूप बोट काढशील का?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माद्या अंड्यांवर आल्यात. इतकी वर्षं पोटाला चिमटा काढला तो कशासाठी?"

उपसचिवांना स्वतःचीच लाज वाटली. ते परत आपल्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसले. संध्याकाळी त्यांच्या देशाच्या संयमाबद्दल सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि त्या संयमातून वाचलेले मासे अनुभवी देशांत वाटून टाकले.

दादांची बोट भंगारात गेली. शेजाऱ्यांची जाळी मात्र फाटेपर्यंत भरली आणि बाजारात मासा स्वस्त झाला. परवा तुम्ही घेतलात तोच. अंड्यांच्या गाभोळीने भरलेला आहे ना, हे पोट दाबून बघितलेत, वर दोन जास्तीचे टाकायला लावलेत आणि पिशवी उचलताना म्हणालात, "हल्ली पूर्वीसारखे मोठे मासे येतच नाहीत हो."