शाळेला दोन महिने कमी

उत्तराला यंदा बालकमंदिरात घालायचं की पुढच्या वर्षी, यावरून मुकुंदच्या घरी उन्हाळाभर महाभारत चाललं होतं. पोरगी तान्ह्या पोळ्याच्या, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी जन्मलेली, म्हणजे ऑगस्टअखेरची. शाळा जूनच्या शेवटी उघडणार, आणि तोवर चार वर्षं पुरी पाहिजेत, असा तिथला नियम. कमी पडत होते ते दोनच महिने, पण तिचे आजोबा महादेवराव त्या दोन महिन्यांवर असे पाय रोवून उभे राहिले की कोणाचं काही चालेना.

"तूर दोन महिने आधी कापून पाहा गा," ते मुकुंदला म्हणाले. "काय येते हाती?"

मुकुंद शेती सोडून शहरात गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागलेला. तुरीचा विषय निघाला की तो दुकानाची वेळ झाली म्हणून उठे.

खरं तर तुरीशी काही संबंध नव्हता. गुडघे गेल्यावर महादेवराव शेत धाकट्या भावावर सोपवून लेकाकडे शहरात, हुडकेश्वरला राहायला आले होते. इथे ना बसायला पार, ना ओळखीचं माणूस. दिवसभर बोलायला काय ती एक नात. ती शाळेत गेली तर आपण भिंतीशी बोलायचं का, या धास्तीने म्हाताऱ्याचं जेवण कमी झालं होतं. पण हे तोंडाने कबूल करेल तो महादेवराव कसला!

सून प्रेमिला घरी शिवणकाम करी. आजा-नात मिळून तिची रिळं खेळण्यातल्या गाडीला जुंपत, खडूची पूड करत. एकदा शेजारणीच्या ब्लाउजची बाही उत्तराच्या लाकडी बैलाच्या पाठीवर झूल म्हणून चढली, तेव्हा मात्र प्रेमिला उठली आणि थेट बालकमंदिराच्या शोभाताईंना भेटून आली. शोभाताई म्हणाल्या, पोरीला दाखवायला आणा. चुणचुणीत वाटली तर दोन महिन्यांकडे मी डोळेझाक करीन.

नेमकं ठरल्या दिवशी लग्नाच्या ब्लाउजांनी प्रेमिलाला मान वर करू दिली नाही, आणि पोरीला न्यायचं काम आलं महादेवरावांवर. म्हाताऱ्याला आयतंच फावलं. वाटेत त्यांनी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि नातीला बजावलं, की बाई काही का विचारेनात, तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं तर पाच गोळ्या.

उत्तराने शब्द पाळला. नाव विचारलं, ती छताकडे पाहत राहिली. फुगा दाखवून रंग विचारला, तिने डोळे मिटले. चिमणीचं चित्र पुढे धरलं तेव्हा तर ओठ इतके आवळले की गाल टम्म फुगले. शेवटी शोभाताईंनी हात टेकले. लहान आहे हो अजून, पुढच्या वर्षी आणा, म्हणाल्या. महादेवरावांनी चेहरा पाडला खरा, पण मनात उकळ्या फुटत होत्या. त्या आनंदाच्या भरात त्यांनी तिथल्या तिथेच खिशातून गोळ्या काढून नातीच्या हातावर ठेवल्या.

उत्तराने त्या मोजल्या.

"एक, दोन, तीन, चार. आबा, बोलली नाई तं पाच देतो म्हने ना तू? लाल कुठी हाय? मी तं नावबी नाई सांगितलं उत्तरा म्हनून. चिमनी दिसली तरी चूप बसली."

लाल गोळी वाटेत महादेवरावांनीच खाल्ली होती. आता त्यांना कुठे पाहावं ते कळेना.

शोभाताई हसू दाबत म्हणाल्या, "मोजता येतं, रंग कळतात, आणि चूप बसता येतं. चूप बसणारं एक पोर नाही हो माझ्या वर्गात. शाळा उघडली की पाठवा."

शाळा उघडली. उत्तरा मागे वळूनही न पाहता आत गेली. महादेवराव फाटकाशी उभे राहून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. त्यांना फार वाईट वाटत होतं. आत बाकीच्या नव्या पोरांनी गळे काढले होते. त्यातलं एक पळत बाहेर आलं आणि दिसेल त्या पायांना, म्हणजे महादेवरावांच्या, घट्ट बिलगलं. काही केल्या सोडेना. शोभाताईंनी कंटाळून दोघांनाही आत घेतलं. बसल्या बसल्या महादेवराव त्याला आपला बैल चिखलात कसा रुतला होता ते सांगू लागले, तर रडणारी पोरं एकेक करत त्यांच्याकडे सरकली. दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी त्यांच्यासाठी वेगळी सतरंजी घातली. इकडे प्रेमिलाच्या रिळांना कोणाचा हात लागेना. तिचा तर आपल्या नशिबावर विश्वास बसत नव्हता.

श्रावणातल्या एका सकाळी उत्तराने अंथरुणातूनच जाहीर केलं, की आज शाळेत जायचं नाही. मुकुंद लगेच विरघळला. बाबा म्हणत होते तेच खरं, पोरगी लहानच आहे, आणखी एक वर्ष राहू दे घरी, बाबांनाही करमेल, असं तो प्रेमिलाला समजावू लागला.

महादेवराव टोपी घालून दारात चपला शोधत होते.

"राहू दे तिले घरी," ते म्हणाले. "पन मले काहून थांबवता? पोरं वाट पाहून राहिली असतीन."