साबणाला पडलेलं एक मत

हे ऐकून तुझा एका अक्षरावर जरी विश्वास बसला ना, तर मी कान धरून उठाबशा काढीन. (माझे गुडघे बघितलेस ना? यावरून समज, मला केवढी खात्री आहे.)

नाही नाही, आत नको येऊस. तिथेच उभी राहा, खिडकीपाशी. फरशी ओली आहे. गज धर हवं तर. बोट बघू? आलीस वाटतं मत देऊन. शाई अजून ओलीच आहे की! त्या शाईवरूनच तर आठवलं मला. तू वरच्या मजल्यावर नवी राहायला आलीस म्हणून तुला ठाऊक नाही, नाहीतर या गल्लीत मला सगळे 'पेटीवाली आजी' म्हणतात. मागून नाही, तोंडावर.

तर मागच्या खेपेची गोष्ट. आमचे हे आणि मी लग्न झाल्यापासून जोडीने मत द्यायला जातो. लोक म्हणतात, काय जोडी आहे! कसली डोंबलाची जोडी? मी वरच्या नावावर शिक्का मारला की हे खालच्यावर मारणार, ठरलेलं. म्हणजे दोघांनी उन्हातून चालत जायचं, रांगेत पाय मोडून घ्यायचे, बोटं काळी करायची, आणि शेवटी बेरीज काय? शून्य. मी एकदा म्हटलं, "अहो, त्यापेक्षा दोघंही घरी बसू. निकाल तोच, वर चहा पण होतो." तर म्हणतात कसे, "कर्तव्य असतं ते." कर्तव्य! उठून पंख्याचं बटण बंद करायचं कर्तव्य यांच्याकडून होत नाही.

मागच्या खेपेला दोघं उभे होते. एक आमची नर्सबाई. तिने गल्लीच्या तोंडाशी दिवा लावते म्हणून सांगितलं होतं. दुसरा लाकडाचा वखारवाला, यांचा पत्त्यांतला भिडू. त्या तोंडाशी अंधारात मी गटारात पडलेली बाई. म्हटलं, "अहो, यंदा तरी दिव्याला द्या." तर म्हणे, "वखारवाला माणूस सरळ आहे. पत्त्यांत कधी फसवत नाही." (फसवतो. यांच्या मागे उभी राहून यांची पानं मीच त्याला खुणेने सांगते. पण ते जाऊ दे.)

त्या दिवशी दुपारी जेवून हे आडवे झाले. ऊन उतरलं की मत द्यायला निघायचं, असा बेत. पाच मिनिटांत घोरायला लागले. मी यांच्याकडे बघितलं. मग कुलपाकडे बघितलं. कुलूप माझ्याकडेच बघत होतं! आता एवढं आग्रहाचं बोलावणं आल्यावर माणसाने काय करायचं, तूच सांग. हळूच बाहेर आले, दार ओढलं, कुलूप घातलं. खिडक्यांना हे असे गज. मागचं दार नाहीच. एक मत आत, एक मत बाहेर. जन्मात पहिल्यांदा माझं मत कामाला येणार होतं गं! अशी हलकी झाले की काय सांगू.

किल्ली पिशवीत वाजू नये म्हणून साबणाच्या वेष्टणात घट्ट गुंडाळली. (ऐकणार कोण होतं? पण एकदा चोर व्हायचं ठरवलं की सगळं रीतसर करावंसं वाटतं.) मत टाकायचं, मैत्रिणीकडे जाऊन बसायचं, आणि मतदान संपलं की घरी येऊन म्हणायचं, "अगंबाई, सवयीने कुलूप लागलं वाटतं!" असा सगळा बेत.

मतदान शाळेत होतं, अगदी लहान पोरांच्या वर्गात. भिंतीवर हत्ती, ससा, बदक. केंद्राचा प्रमुख एक बारकासा मास्तर. पहिल्यांदाच केंद्र हातात आलेलं, त्यामुळे बिचारा सकाळपासून घाम पुसत होता. हातात नियमांचं जाडजूड पुस्तक. कोणी शिंकलं तरी पान उलटून बघायचा, मतदान केंद्रात शिंकायला परवानगी आहे का ते. मी मनातल्या मनात त्याचं नाव पुस्तकसाहेब ठेवलं. कोपऱ्यात दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले, कोणी लबाडी करतंय का ते बघायला. नर्सबाईचा तो मिशीवाला आणि वखारवाल्याचा तो टकल्या. आणि दारात स्टुलावर एक हवालदार, पेंगत.

बोटाला शाई लावून घेतली, मताचा कागद घेतला, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. चष्म्यासाठी अर्धी पिशवी तिथल्या टेबलावर रिकामी केली. नर्सबाईच्या नावावर असा दाबून शिक्का मारला की टेबल कुरकुरलं. कागदाची बारीक घडी केली, सामान पिशवीत कोंबलं, ऐटीत बाहेर आले आणि हातातलं पेटीत सोडलं.

टण्ण!

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भिंतीवरचा ससासुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"आजी," पुस्तकसाहेब म्हणाला, "कागद असा वाजत नाही."

मी पिशवी चाचपली. साबणाची पुडी नाही. घडीबरोबर तीही हातातून गेली की काय! "अगंबाई! किल्ली गेली माझी!"

मिशीवाला ताडकन उठला. "थांबवा मतदान! पेटीत वस्तू टाकली!"

"ही वखारवाल्याला बुडवायची चाल आहे!" टकल्या ओरडला.

पुस्तकसाहेब भराभरा पानं उलटायला लागला. "दंगल... पूर... आग... पेटी पळवणे... पेटीत पाणी ओतणे... पेटीत शाई ओतणे..."

"बाळा, 'क'मध्ये बघ ना," मी म्हटलं, "किल्लीचा क."

"आजी, प्लीज तुम्ही मदत करू नका."

इकडे बाहेर रांगेत बातमी सरकायला लागली. दारातल्या माणसाने ऐकलं, पेटीत काहीतरी लोखंडी आहे. व्हरांड्यातल्या फळ्यापर्यंत त्याचा सुतळी बॉम्ब झाला, आणि फाटकाशी पोचेपर्यंत घड्याळ लावलेला मोठा बॉम्ब. पण नंबर जाईल म्हणून एकही माणूस जागचा हलला नाही! उलट एक बाई मागच्याला म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत असेल तर जा बापडे, मी तुमच्या जागी येते."

"साहेब, उघडा की पेटी जरा," मी म्हटलं. "हात घालून काढते. कोणाच्या मताला धक्का लावणार नाही, आईशप्पथ."

"उघडता येत नाही. सील आहे. आता एकदम मोजणीलाच उघडणार."

"मोजणी कधी?"

"परवा."

"परवा! अरे, मग आमच्या ह्यांचं काय? हे आत आहेत ना!"

हवालदार दचकून जागा झाला आणि वाकून पेटीच्या फटीतून आत बघायला लागला.

"पेटीत नाही रे बाबा! घरात! कुलपात!"

झालं. तोंडातून निघून गेलं. सगळे माझ्याकडे बघतायत. टकल्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे... आजोबांनी अजून मत दिलेलं नाही? आणि आजोबा तर आमचे!" असा किंचाळला जणू त्याच्याच बापाला कोंडलंय.

"नवराबायकोच्या भानगडीत मतदान केंद्राने पडू नये," मिशीवाला गंभीरपणे म्हणाला.

तेवढ्यात पुस्तकसाहेब ओरडला, "सापडलं! आहे, आहे! मतदाराला मत देण्यापासून अडवणे!" इतका वेळ बिचाऱ्याला काहीच सापडत नव्हतं, त्यामुळे तोंड असं फुललं! मग माझ्याकडे बघितलं आणि उतरलं. "आजी, हा गुन्हा आहे हो. तुम्ही आजोबांना अडवलंत?"

"मी कशाला अडवते? मी तर इथे उभी आहे. कुलूप अडवतंय."

"अटक करू का?" हवालदार म्हणाला.

"हिला अटक केली तर घर कोण दाखवणार?" टकल्या म्हणाला. "आधी आमचं मत सोडवा, मग अटक करा!"

पुस्तकसाहेबाने वरच्या साहेबांना फोन लावला. वरचा साहेब इतका जोरात बोलत होता की सगळ्या वर्गाला ऐकू आलं. "पेटी फुटली का?" नाही सर. "मारामारी?" नाही सर. "मग वाजते कशाला माझी घंटा? लिहून ठेवा, दोघांच्या सह्या घ्या, मतदान चालू करा!"

आता लिहायचं काय? टकल्या म्हणे, किल्लीच आहे कशावरून? मिशीवाला म्हणे, वाजवून बघा. मग पेटी दोघांनी दोन बाजूंनी धरली, तान्ह्या मुलाला जोजवतात तशी अलगद हलवली, आणि पुस्तकसाहेबाने कान लावला. खुळुक. "किल्लीच," तो म्हणाला. टकल्यानेही कान लावला. "पण छोटी वाटते." "चपटी आहे," मी म्हटलं. मग लिहिलं, 'पेटीत एक किल्ली आहे, आवाजावरून चपटी.' दोघांनी सह्या केल्या आणि मतदान चालू झालं.

पण आमचे हे कुलपातच! आणि मतदान संपायला फार वेळ उरला नव्हता. तर रांगेत मधोमध कोण उभा? बाजारातला किल्लीवाला!

"जा रे," साहेब म्हणाला, "कुलूप उघडून दे."

"नंबर जाईल साहेब."

"परत आल्यावर याच जागी उभा राहा."

त्याबरोबर मागची सगळी रांग खवळली. "असं कसं? आमच्या घरी पण कुलपं आहेत!" शेवटी पुस्तकसाहेबाने पुस्तक बंद केलं (दिवसभरात पहिल्यांदा), किल्लीवाल्याला धरून आत आणलं, सगळ्यांच्या आधी त्याचं मत घेतलं आणि त्याला माझ्याबरोबर पिटाळलं. सोबत हवालदार. मागून टकल्या ओरडतोय, "आजी, भरभर चाला!" आणि मिशीवाला, "आजी, गुडघे सांभाळून! काही घाई नाही!"

मी मिशीवाल्याचं ऐकलं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून दम खाल्ला. एकदा चप्पल तुटल्याचं नाटक केलं. एकदा घरच चुकले.

पण शेवटी पोचलोच. मला वाटलं, आमचे हे गज हलवून बोंबलत असतील, गल्ली गोळा झाली असेल. तर सगळं शांत. किल्लीवाल्याने ठोकून-खुपसून कुलूप उघडलं, हवालदाराने दार ढकललं, आणि समोर काय?

हे घोरत पडलेले. दुपारच्या त्याच कुशीवर!

हवालदाराच्या बुटांनी जाग आली. डोळे चोळत म्हणाले, "अगं, मतदान होतं ना आज? बरं झालं उठवलंस. झोपूनच राहिलो असतो बघ."

ऐकलंस? मी काहीच केलं नसतं तर हा माणूस रात्रीच्या जेवणालाच उठला असता! कुलूप नको, किल्ली नको, काही नको. मी सरकारी खर्चाने, पोलीस घेऊन येऊन, माझ्याविरुद्धचं मत झोपेतून उठवलं.

आणि हे पळाले गं! धोतर सावरत, हवालदाराच्या पुढे! फाटकात शिरले आणि मतदान संपल्याची घंटा झाली. तर तिथे नियम असा, की घंटेला जे रांगेत असतील त्यांना मत देता येतं, आणि त्यांना चिठ्ठ्या वाटतात त्या शेपटाकडून, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. शेपटाला हे. यांना चिठ्ठी मिळाली, पहिला नंबर. झालं! हे चिठ्ठी नाचवत सगळ्यांच्या पुढे. "बाजूला व्हा! माझा पहिला नंबर आहे!"

"आजोबा, पहिला म्हणजे शेवटचा!"

"मला शिकवतो? पहिला म्हणजे पहिला!"

पुस्तकसाहेब रडकुंडीला आला. बोलावलं मला. मी यांच्या कानात सांगितलं, "अहो, शेवटी दिलं की आपलं मत वर राहतं. मोजताना आधी हाताला लागतं." एकदम पटलं. शहाण्यासारखे जाऊन मागे उभे राहिले. सगळ्यात शेवटी मत दिलं, वखारवाल्याला, आणि पेटीची फट बंद झाली.

मी मनात म्हटलं, असू दे. नेहमीचंच शून्य. निदान गटारात एकटीच पडणार नाही, हे पण पडतील.

घरी आले, चष्मा ठेवायला पिशवी उघडली. तर तळाशी एक कागदाची घडी. उघडली. नर्सबाईच्या नावावर हा टेबल हलवून मारलेला शिक्का!

म्हणजे पेटीत फक्त पुडी गेली होती गं. मत माझ्या पिशवीत!

मोजणीनंतर पुस्तकसाहेब स्वतः किल्ली परत द्यायला आला. हसू दाबत होता. म्हणाला, मोजणाऱ्या बाईने ते साबणाचं वेष्टण मत समजून उघडलं, आणि त्याच्यावरून दोन्ही बाजूंचं भांडण जुंपलं. वेष्टणावर हसऱ्या बाईचं चित्र. मिशीवाला म्हणे, बाईचं चित्र म्हणजे नर्सबाईला! बाद केलं म्हणून बरं, नाहीतर साबणाचं एक मत धरावं लागलं असतं. निवडून आला वखारवाला. दिवा? तू रोज रात्री गल्लीत मोबाईलचा उजेड पाडत येतेस ना? तोच दिवा.

काय? हे कुठे आहेत? गेले की सकाळीच मत द्यायला. मला म्हणाले, "तू पड जरा, पायाला आराम दे. मी पुढे जाऊन रांग बघून येतो." मी पडले. (यांना माझ्या पायांची काळजी? तिथेच ओळखायला हवं होतं.) डोळा लागला आणि दाराशी खट् झालं. आता तुला कळलं, 'आत येऊ नकोस, फरशी ओली आहे' असं का म्हटलं ते? पुढे येऊन बघ, दाराला बाहेरून केवढं नवं कुलूप आहे. किल्ली गोफात ओवून गळ्यात घालून गेलाय थेरडा! पेटीत पडायला नको म्हणून.

हसतेस काय दात काढून? यंदा नर्सबाई परत उभी आहे. त्या शाळेच्या रांगेत किल्लीवाला असेल, त्याला सांग, पेटीवाल्या आजीने बोलावलंय. आणि नंबर जाईल म्हणाला तर कान धरून आण. मतदान संपायला आलंय, आणि तू इथे माझ्या गप्पा ऐकत काय उभी आहेस? जा आता, पळ!