साडीवालीच्या आवाजावर गोजराबाईंची स्वारी

आधी गणरायास नमन, मग कौलांवरील अँटिनास नमन, की जिच्या कृपेवाचून एकही चित्र मुळशीचे डोंगर ओलांडीत नाही. शके एकोणीसशे आठाचे सुमारास मौजे कासार आंबोली, पौड खोरे, येथे जे युद्ध जाहले, त्यात कोण चढले, कोण पडले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. वाचणारांनी हसू नये. लढणारेही हसले नव्हते, निदान आरंभी तरी.

ते समयी आळीत दूरदर्शनसंच एकच. तो राजमान्य राजेश्री हैबतराव यांचे ओसरीवर, लाकडी कवाडांत विराजमान. शनिवारी सायंकाळी मराठी चित्रपट लागे आणि कुल रयत पोती-घोंगड्या घेऊन अंगणी दाखल होई. परंतु चित्रपटाचे वाटेवर एक बाई चौकी घालून बसे. ती साड्या दाखवी, पोस्टाने मागवा म्हणे, आणि एकेका साडीचे वर्णन ऐसे लांबवी की घरोघर चुलीवर भात करपे परंतु पदर सरेना. "प्रेक्षकहो, या मोरपंखी पोताला अबोली किनारीची लाजरी साथ लाभली आहे," ऐसे बोलोन ती मान वेळावी, आणि मग तेच फिरोन बोले. संच तो काळापांढरा. मोरपंखी ती राखाडी, अबोली तीही राखाडी, लाजरी साथ कोणती ते तर कोणासच दिसेना. रयत दात-ओठ खाई. परंतु आवाजाचे बटणास हात लावील त्यास अंगणबंदी, ऐसा हैबतरावांचा हुकूम होता, कारण खासे हैबतराव त्या वाणीस भुलले होते.

भुलले ते किती? पत्नी सकलसौभाग्यसंपन्न गोजराबाई यांनी पिठले वाढले तो म्हणो लागले, "ह्या पिठल्याला हळदुली छटा लाभलीया." गोजराबाईंनी तेही सोसले. मग पुतणीचे लग्न ठरले आणि गोजराबाईंचे मनी हिरवे इरकल नेसावे ऐसे होते, तो हैबतरावांनी परभारे 'मेघश्यामल' नामे साडी पोस्टाने मागविली. पुडके फुटले, साडी उन्हात धरली, आणि गोठ्यात म्हैस उभी होती तिजकडे सर्वांची नजर एकदमच गेली.

"अवो, ह्यो तर म्हशीचा रंग हाय!" गोजराबाई वदल्या.

"तुला न्हाई कळायचं. ती बाई सौम्य म्हणाली हाय. लग्नात हीच नेसायची."

गोजराबाईंचे डोळ्यांस पाणी आले. चार जावांमध्ये म्हशीचे वर्णाने मिरवणे, याहून मरण बरे. परंतु रडत बसणे हे त्या घराण्याचे ब्रीद नव्हे. त्यांनी डोळे पुसले आणि तडक शेजारी जैनबबी यांजकडे खलबतास गेल्या. जैनबबींचे यजमान नबीलाल यांचे पौडाचे बाजारात कापडदुकान. तेथे बायका येऊन 'उदास संध्याकाळचा रंग' मागो लागल्यापासोन तेही गांजले होते.

जैनबबी म्हणाल्या, "वैनी, तिचं तोंड तर आपल्याला दाबता येत न्हाई. पण आवाज हाय की आपल्या ओसरीवर."

मग मसलत ठरली. शनिवार उगवला, अंगण भरले, साडीवाली प्रकट जाहली आणि "प्रेक्षकहो" म्हणाली मात्र, नबीलाल शिडी लावोन कौलांवर चढले आणि त्यांनी अँटिना धरोन गर्रकन फिरविली. पडद्यावर मुंग्यांची फौज उसळली. हैबतराव हवालदिल होऊन अंगणी धावले आणि वर पाहोन गरजले, "नबीलाल, कुणी सांगितलं तुला?"

"कावळा बसला व्हता, हैबतदादा! आता दिसतंय का?"

"न्हाई!"

"आता?"

"लई वंगाळ!"

ही संधी साधोन गोजराबाई ओसरीवर चढल्या आणि आवाजाचे बटण ऐशा त्वेषाने पिळले की आवाज निमाला आणि बटणही उपटोन हाती आले. आता अंगणबंदी की घरबंदी, हा विचार मनी आला. परंतु बटण कंबरेस खोचोन त्या तेथेच उभ्या ठाकल्या.

चित्र परतले. साडीवाली ओठ हालवी, शब्द नाही. अंगणात ऐसी शांतता की म्हशीचे रवंथ ऐको यावे. हैबतराव लाल होऊन पाहो लागले, तो गोजराबाईंनी साडीवालीसारखी मान वेळाविली आणि बोलल्या, "बायांनो, ही साडी बघा. हिला शेणकुटाची छटा हाय, अन् काठ उंदरानं कुरतडल्यावानी नाजूक. नेसली की नवरा वळखत न्हाई, म्हस वळखती!"

अंगण फुटले. म्हातारे खोकेपर्यंत हसले, जैनबबी पदरात तोंड खुपसोन लोळल्या, नबीलाल कौलांवरोन घसरता वाचले. मग दुसरी साडी आली, तिसरी आली, आणि गोजराबाईंनी एकीसही जिवंत सोडले नाही.

इतक्यात चित्रपट सुरू जाहला, तोही मुका. हैबतराव पक्कड घेऊन बटणाचे दांड्याकडे निघाले, तो रयतेने एकच गिल्ला केला, "ऱ्हाऊ द्या! वैनीच सांगत्यात!" मग गोजराबाईंनी नायकासही बोलते केले, नायिकेसही, आणि खलनायकास तर पौडाचे बाजारातील दलालाची भाषा दिली. हैबतराव पक्कड हाती धरोन पायरीवर टेकले. नायिका रडो लागली, आणि गोजराबाई दम खावयास क्षणभर थांबल्या.

हैबतराव हळूच म्हणाले, "अगं, थांबलीस का? ती काय म्हणतीया?"

"ती म्हणतीया, लग्नात मी हिरवं इरकल नेसणार हाय."

हैबतराव पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग नेस म्हणावं की. रडतीया कशाला?"

येणेप्रमाणे आवाजाचा मुलूख गोजराबाईंचे अंमलात आला, हिरवे इरकल नबीलालांचे दुकानातोन रुजू जाहले, आणि साडीवाली मुकाट्याने मांडलिक जाहली. फत्ते जाहली, ती लिहिली असे.