वाऱ्याला न जुमानणारा माइक

बी.एस्सी.ला निकिताचं फिजिक्स होतं. त्यामुळे माइक निवडणं हा तिच्या मते दहा मिनिटांचा प्रश्न होता. तो तीन आठवडे चालला.

तिचा अनीश सव्वादोन वर्षांचा झाला तरी धड बोलत नव्हता. नगरच्या वाचातज्ज्ञ बाईंसमोर तर तो मिठाची गुळणी धरून बसला. बाई म्हणाल्या, "अंगणात खेळतानाचा व्हिडिओ आणा. घरी काय बोलतो ते ऐकू द्या मला."

पण घर पाथर्डीजवळच्या उघड्या माळावर. मोबाईलवर अनीशऐवजी वाराच आला, तोही असा की जणू गोठ्यात विमान उतरतंय.

निकिताने अठ्ठावीस व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ता आखला आणि नागापूरच्या कारखान्यात ड्यूटीवर असलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"करण, कॉलरचा माइक घेऊ की कॅमेऱ्यावर बसतो तो?"

"कॉलरचा घे."

"अनीश गिळेल ना तो."

"मग दुसरा घे."

"तुला काळजीच नाही मुलाची."

शेवटी कॉलरचाच आला. अनीशने तो गिळला नाही, शेळीला भरवला. शेळीने वायर शेवईसारखी आत ओढली.

"आता तिचा आवाज लांबपातुर जाईल," सासूबाई, मुक्ताबाई, म्हणाल्या.

दुसरा माइक लांबुळका, वाऱ्यासाठी वर राखाडी केसाळ टोपडं घातलेला. निकिताने तो काठीला बांधून अनीशच्या डोक्यावर धरला. कोंबड्यांना ते मुंगूस वाटलं. त्या पत्र्यावर चढल्या, कुत्रं केकाटत सुटलं आणि शेजारचे छगनतात्या दांडकं घेऊन धावत आले.

"सूनबाई, हलू नका, डोस्क्यावरच हाय त्ये."

"तात्या, माइक आहे तो."

"मंग त्याला केसं कशापायी?"

शेवटी तात्यांना बाजेवर बसवून, कोंबड्या टोपलीखाली डालून, वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं.

नगरला बाईंनी हेडफोन लावला. निकिता त्यांचा चेहरा वाचत होती. बाई हसल्या आणि त्यांनी हेडफोन तिच्याच कानाला लावला.

"अनीश, ही कोण? शेळी. म्हण शेळी. कशी ओरडते? बें बें. काळी आहे ना? काळीच आहे. पाणी हवंय? हवंच असेल, थांब."

सगळा तिचाच आवाज. एकेक अक्षर टाचणीसारखं स्वच्छ. ती पाणी आणायला आत गेली तेवढ्या फटीत मात्र एक इवलासा आवाज म्हणाला, "शेली, बश."

"माइक उत्तम निवडलात," बाई म्हणाल्या. "मूल बोलतंय. त्याला मधे शिरायला जागा द्या. काही विचारलंत की मनात दहा अंक मोजा."

संध्याकाळी अनीश चेंडू घेऊन आला. "काय करू या?" एवढंच विचारून निकिताने ओठ मिटले. सहापर्यंत मोजताना तिला घाम फुटला. आठ. नऊ. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग चेंडू टाकून जवळ आला आणि मातीने भरलेला तळवा त्याने तिच्या कपाळाला लावला.

"आई, ताप?"

चुलीपाशी बसलेल्या मुक्ताबाईंनीच उत्तर दिलं.

"हुता रे माज्या बाळा. आता कुठं उतराया लागलाय."