मास्कखालची मिशी

सकाळी उठल्या उठल्या तातेरावांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही. जीभ टाळूला चिकटून बसली होती. शेवटी त्यांनी उशाचा रिकामा तांब्या चमच्याने वाजवला, तेव्हा मालनबाई पाणी घेऊन आल्या.

"हे मशीन तुमचा श्वास चालू ठिवतंय, का तुम्हाला मुकं करून राह्यलंय?" त्यांनी विचारलं.

मशीन येऊन पंधरा दिवस झाले होते. तातेराव नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं गोदाम सांभाळत. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून रात्रीची झोप पुरी होत नाही, आणि म्हणूनच ते दिवसा पोत्यांना टेकून घोरतात, हे औरंगाबादच्या डॉक्टरांनी शोधून काढलं होतं. उपाय म्हणून नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीला हवा फुंकणारं मशीन. मशीन नाकातून हवा ढकलायचं, तातेराव झोपेत आ वासायचे आणि हवा तोंडावाटे निघून जायची. सकाळपर्यंत तोंडाचं पार वाळवण व्हायचं. उरलेली हवा मास्कच्या फटीतून वर डोळ्यांत शिरायची, त्यामुळे डोळे लालभडक.

हनुवटीला पट्टा बांधून झाला. मशीनच्या भांड्यात पाणी भरून झालं. शेवटी मशीन विकणाऱ्या माणसाला फोन लावला, तर त्याने भलतंच विचारलं.

"मिशी आहे का तुम्हाला?"

"भरपूर," तातेराव अभिमानाने म्हणाले.

"मग मास्क बसणार कसा? सगळी हवा मिशीतून गळते. नाकपुड्यांत बसणारा दुसरा मास्क मागवतो, पण त्याला दोन महिने लागतील. तोवर मिशी काढा."

अडचण मिशीची नव्हती, आप्पांची होती. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नसते. काढली म्हणजे बाप गेला, असंच लोक धरून चालतात. आणि तातेरावांचे वडील आप्पाराव गावी, धावड्याला ठणठणीत होते, ब्याऐंशी वर्षांचे. एका पुतण्याने कॉलेजात फॅशन म्हणून मिशी उडवली, तर त्यांनी त्याला चार महिने ओसरीवर चढू दिलं नव्हतं. तातेराव स्वतः बावन्न वर्षांचे होते, पण आप्पांशी अजून उभ्यानेच बोलायचे. दोन महिने आप्पांच्या दृष्टीस पडायचं नाही, एवढंच काय ते सांभाळायचं होतं.

रविवारी सकाळी न्हाव्याने दोन हातांत मिशी उतरवली. तातेराव आरशात स्वतःला ओळखायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात दार ढकलून रामकिसन आत आला. हा त्यांचा आतेभाऊ, टेंभुर्णीचा, कोणाला तरी स्टेशनवर सोडायला आलेला. त्याने बोडका ओठ पाहिला, लाल डोळे पाहिले, आणि तो जागीच थबकला.

"भाऊ... मामा?"

आप्पा मजेत आहेत, पण त्यांना यातलं सांगू नको, असं तातेरावांना म्हणायचं होतं. पण सकाळचं पाणी केव्हाच जिरलं होतं. घशातून फक्त "आप्पा..." एवढंच निघालं. बाकीचं त्यांनी जोरजोरात हात हलवून सांगितलं.

"बस, भाऊ. नका बोलू," म्हणत रामकिसन त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागला. न्हाव्याने रेडिओ बंद केला. तातेरावांनी धडपडत न्हाव्याची केसांवर पाणी मारायची बाटली उचलली आणि तोंडात तीन फवारे मारले, पण तोवर रामकिसन कानाला मोबाईल लावून बाहेर पडला होता.

घरी मालनबाई दारातच उभ्या होत्या.

"आप्पा गेले म्हणे. मला तर सांगायचं."

"कुठं गेले?"

"ते मला काय माहीत? घडीभरात सहा फोन आले. सगळे धावड्याला निघालेत."

आप्पांकडे फोन नव्हता. आता सगळं गोत त्यांच्या दारात जाणार, कोणी सांगितलं म्हणून विचारपूस होणार आणि शेवटी प्रकरण या ओठावर येणार. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला आणि मोटरसायकलला किक मारली.

पोचायला उशीरच झाला. दारात तीन जीपा उभ्या होत्या. ओसरीवर आप्पा तक्क्याला टेकून चहा पीत होते, आणि पुढ्यात पंधरा-वीस माणसं माना खाली घालून चहाच पीत होती. मयतीला आलेल्यांना पुढे काय करावं ते सुचत नव्हतं.

"रुमाल काढ," आप्पा म्हणाले.

तातेरावांनी काढला. बशीत चहा ओतायचं थांबलं.

"आप्पा, झोपेत माझा श्वास थांबतो. मशीन घेतलंय. मिशीतून हवा गळती, तोंड वाळतं."

"तोंड वाळतं म्हणून बाप मारला?"

तातेरावांनी रुमाल खिशात कोंबला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "रामकिसन तुळजाबाईला घेऊन निघालाय. वाटंतच हाये."

आप्पांचा कप हवेतच थांबला. तुळजाबाई म्हणजे त्यांची एकुलती बहीण, रामकिसनची आई. तातेरावांच्या मुलीच्या लग्नात आहेराची साडी तिला सगळ्यांच्या शेवटी मिळाली, म्हणून नऊ वर्षं तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याला काही फरक पडत नाही, असं आप्पा सांगायचे, आणि दर भाऊबीजेला दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

"तिला कोणी कायबी सांगायचं न्हाई," म्हणत आप्पा उठले, खाटेवर आडवे झाले आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

"आप्पा, असं करू नये. अशुभ असतं," तातेराव कळवळले.

"बोडक्या ओठाचा तू मला अशुभ शिकवतो? बस तिथं उशाला. डोळे लालच हायेत तुझे, बराबर कामी येतील."

तुळजाबाईंचा हेल गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आला. त्यांनी येऊन खाटेवर अंग टाकलं.

"दादा रे, मला न भेटता गेलास रे... एक निरोप तरी धाडायचा रे... साडी शेवटी दिली रे दादा, तीबी पोपटी रे..."

चादर हलत होती.

"मला पोपटी कधीच आवडली न्हाई रे दादा..."

"पोपटी न्हवती ती," चादरीतून आवाज आला. "मोरपंखी होती. मी स्वतः निवडल्ती."

दुसरी बाई किंचाळली असती. तुळजाबाईंनी रडणं थांबवलं आणि चादर खाली ओढली.

"पोपटी होती."

"मोरपंखी."

"माझ्या पेटीत हाये अजून. घडी मोडली न्हाई. ये टेंभुर्णीला, दाखवते."

"येतो. उद्याच येतो."

मग आपण काय बोललो ते दोघांच्याही लक्षात आलं. तुळजाबाई खाटेच्या काठावर बसल्या आणि आता खरोखर रडू लागल्या. आप्पांनी त्यांचा हात धरून ठेवला. तातेरावांचे डोळे सकाळपासून लालच होते, त्यामुळे ते रडतायत हे कोणाला कळलं नाही.

संध्याकाळी पाहुणे जेवून पांगले. आप्पांनी तातेरावांना ओसरीच्या उजेडात बोलावलं आणि त्यांचा ओठ बराच वेळ निरखला. तातेराव उभेच होते.

"दोन महिन्यांत वाढवतो, आप्पा. नवीन मास्क आला की..."

"वाढवू नको," आप्पा म्हणाले. "माझा साडू सर्जेराव सात वर्षं झाली बोलत न्हाई. उद्या टेंभुर्णीला जाताना त्याच्या गावावरून जाऊ. तू त्याच्या दारात नुसता उभा राहा, तोंड बिलकुल उघडू नको. मी जीपमध्ये बसतो."