टक्कल, शिंक आणि महिबूबचाचा

महिबूबचाचा टॉवेल तपासताना आधी डोळे मिटतात. टॉवेल गालाला लावतात, क्षणभर थांबतात आणि मगच डोळे उघडून तो उजेडात धरतात. "डोळा फसतो बेटा. गाल नाय फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते चेकिंगला आणि मी ऑफिसात. मी लागले तेव्हा त्यांच्या नोकरीला तीस वर्षं झाली होती. टॉवेलातल्या दोषांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. धाग्याचे फासे निघून उघडी पडलेली जागा म्हणजे 'टक्कल'. माग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी रेघ उमटते, ती 'शिंक'. "त्या कोपऱ्यातल्या मागाला सर्दी हाय, सकाळपासून तीन शिंका," असं ते गंभीरपणे सांगायचे, आणि मी डॉक्टरच्या थाटात लिहून घ्यायचे.

मग मालकांनी दोष लिहायच्या वह्याच बंद केल्या. परदेशी गिऱ्हाइकाला सगळा तपास कॉम्प्युटरवर हवा होता. चेकिंगच्या टेबलावर टॅबलेट आला. महिन्याभरात ज्याला जमणार नाही तो पॅकिंगला जाणार, असंही ठरलं. शिकवायचं काम माझ्याकडे.

पहिल्या दिवशी चाचांनी टॅबलेट हातात घेतला आणि सवयीनं गालाला लावला.

"थंड हाय," म्हणाले. "जीव नाय ह्याच्यात."

तीस वर्षं कापड चाचपून त्यांची बोटं इतकी राठ झाली होती, की काचेला बोट लागलंय हेच टॅबलेटला कळेना. मग ते बोट जिभेला लावून बघायचे. तरीही काही हललं नाही की खराब टॉवेल टॅबलेटसमोर धरून ओरडायचे, "हे बघ की! दिसत न्हाई व्हय तुला?"

चौथ्या दिवशी ते हताश होऊन माझ्याकडे आले. दोषांची यादी इंग्रजीत होती.

"बेटा, ह्याच्यात माझा एक बी दोष न्हाई."

"तुमचा दोष नाहीच चाचा," मी म्हणाले आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. यादीत टक्कल घाला, शिंक घाला, असं सांगितलं. त्यानं विचारलं,

"मॅडम, तपासायचे टॉवेलच आहेत ना?"

शब्द आले, मी काच हलक्या स्पर्शालाही दाद देईल अशी करून दिली आणि चाचांचं बोटही चालायला लागलं. महिना संपायच्या आत ते सगळ्यांत पुढे. पॅकिंगचं संकट टळलं.

पण काही दिवसांनी टॅबलेटमधली जागा भरली. मी उघडून पाहिलं तर नुसते फोटो. खराब मालाचा फोटो काढायचा असा नियम होता, पण या शेकडो टॉवेलांत मला काहीच खराब दिसेना. जरा चिडूनच मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"चाचा, ह्यात दोष कुठंय?"

"न्हाईच."

"मग फोटो कशाला?"

हातातल्या टॉवेलाची ते कितीतरी वेळ घडी घालत राहिले.

"तीस वर्षं ह्या लोकांच्या चुकाच लिहिल्या बेटा. वहीत दुसरा रकानाच नव्हता. मी मागाजवळ गेलो की माणसं बोलायची थांबतात. जेवायला बसलो की बाकडं रिकामं होतं." मग जरा चाचरत म्हणाले, "ह्याच्यात एक बटन होतंय का? 'चांगला' म्हणून?"

मी पुन्हा पुण्याला फोन केला. या वेळी पलीकडच्यानं काही विचारलं नाही. दोन दिवसांत हिरवं बटण आलं.

त्याच दुपारी चाचा टॅबलेट छातीशी धरून मागांकडे निघाले. मीही मागोमाग गेले. त्यांना येताना बघून नरसय्यानं माग थांबवला. वीस वर्षं विणतोय हा माणूस, पण चेहरा उतरला.

"काय चुकलं वो चाचा?"

चाचांनी त्याच्याच टॉवेलाचा फोटो उघडून टॅबलेट पुढे धरला. नरसय्या वाकून बघत राहिला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"ह्याच्यात तर काईच न्हाई की."

"व्हय," चाचा म्हणाले. "तेच दाखवायला आलो."

नरसय्यानं हात पँटला पुसले आणि पुन्हा एकदा, सावकाश, तो फोटो पाहिला.

"बायकोला पाठवता येतंय का हे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "शिकव की बेटा," म्हणाले, "लवकर."